डाळिंबाची साल, टॉवेलचे सूत आणि चार विभागांचा एक ‘नमुना’

सांगोला, पंढरपूर, मोहोळ पट्ट्यातले डाळिंब आणि शहरातल्या यंत्रमागांवर निघणारा टॉवेल, या दोन्ही गोष्टींना सोलापूरच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे. डाळिंबाची साल कापसाला पिवळसर खाकी रंग देते, हे रंगाऱ्यांना जुनेच ठाऊक आहे. मग दाणे काढून फेकलेल्या सालीने सोलापुरी टॉवेलचे सूत रंगवता येईल का? केगावच्या बाजूला विद्यापीठ आहे, त्याच भागात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि अर्ध्या-पाऊण तासावर माग खडखडत असतात. तेव्हा हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्याला सुचला नाही तरच नवल.

पुढचे प्रकरण कोणा एका विभागाचे नाही. असे बहुशाखीय प्रकल्प जिथे जिथे अडतात, त्या जागा एकत्र आणून ते रचले आहे. यातले आकडे एक तर ठरलेल्या पद्धतीचे आहेत किंवा कागदावर केलेल्या हिशेबाचे. कुठल्या प्रयोगाचा निकाल म्हणून ते वाचू नयेत.

चमू असा आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका साल आणणार, रसायनशास्त्राचे प्राध्यापक अर्क काढून सूत रंगवणार, संख्याशास्त्राचे सर आकडेमोड बघणार आणि वाणिज्य विभाग कारखानदारांशी बोलून खर्चाचा हिशेब मांडणार. बरोबर एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी, एम.कॉम.ची एक विद्यार्थिनी आणि चार वर्षांच्या ‘ऑनर्स विथ रिसर्च’ पदवीचा एक विद्यार्थी. पहिल्या बैठकीत सगळ्यांचे एकमत होते की तीस नमुने घेऊ. इतिवृत्तात ‘नमुने : 30’ अशी नोंद होते, चहा होतो आणि सगळे पांगतात.

घोडे इथेच पेंड खाते. वनस्पतिशास्त्रात नमुना म्हणजे एका बागेतल्या दहा झाडांची मिळून गोळा केलेली साल. रसायनशास्त्रात नमुना म्हणजे बाथमधून, म्हणजे सूत-कापड बुडवायच्या रंगाच्या द्रावणातून, निघालेला दहा बाय दहा सेंटीमीटरचा कापडाचा तुकडा. संख्याशास्त्रात नमुन्याचे एकक म्हणजे दुसऱ्याशी काही देणेघेणे नसलेली स्वतंत्र गोष्ट. वाणिज्यच्या दृष्टीने नमुना म्हणजे माहिती देणारा कारखानदार. तीस तुकडे, तीस बागा, तीस बाथ आणि तीस कारखानदार यांत कामाचा, पैशाचा आणि अर्थाचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. महिन्याभराने रसायनशास्त्राचा विद्यार्थी ‘तीस नमुने झाले’ म्हणून तक्ता घेऊन येतो, तेव्हा ते तीस तुकडे एकाच बागेच्या सालीचे आणि तीनच बाथमधले असतात. काम चोख झालेले असते. फक्त ‘बागेबागेच्या सालीत रंगाचा फरक पडतो का’ या मूळ प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यात नसते, कारण त्यात बाग एकच आहे.

उपाय साधा, पण पहिल्याच बैठकीत करायचा. ‘नमुना’ हा शब्द वहीतून हद्दपार करायचा आणि बाग, पोते, अर्क, बाथ, तुकडा, वाचन असे सहा शब्द ठरवून घ्यायचे. मृग आणि हस्त बहाराच्या, म्हणजे बाग फुलवण्याच्या दोन हंगामांच्या, सालीची तुलना करायची असेल, तर दर बहाराला 6 बागा म्हणजे एकूण 12 बागा घ्याव्यात. दर बागेचे 2 स्वतंत्र बाथ धरले तर 24 बाथ, दर बाथमध्ये 3 तुकडे म्हणजे 72 तुकडे, आणि दर तुकड्यावर 4 जागी रंग मोजून वाचन घेतले की 288 वाचने. तक्ता भरगच्च दिसतो, पण बहारांच्या तुलनेसाठी हाताशी असतात दोन्ही बाजूंना 6-6 बागाच. 288 हा आकडा ‘एन’, म्हणजे स्वतंत्र एककांची संख्या, म्हणून छापला तर जाणकार परीक्षक पहिल्याच पानावर थांबतो. एक बाग वर्षाला साधारण एकच बहार धरते, हेही विसरू नये. मृगाची एक बाग आणि हस्ताची एक बाग एवढ्यावर तुलना केली, तर दिसलेला फरक बहाराचा की बागेचा हे कुणालाच सांगता येत नाही.

बहार आणि शैक्षणिक वर्ष यांची गाठ घालणे हे वेगळेच दुखणे आहे. मृग बहाराची फळे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत निघतात, हस्ताची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि आंबे बहाराची पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळ्यात. एम.एस्सी.च्या चौथ्या सत्राचा प्रकल्प जानेवारीत सुरू होऊन एप्रिल-मेमध्ये बांधणीला जातो. म्हणजे जानेवारीत कामाला लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती मृग आणि हस्त लागतात, आंबे बहार कधीच लागत नाही. तो हवा असेल तर आदल्या तुकडीने जुलै-ऑगस्टमध्ये साल गोळा करून, वाळवून ठेवलेली असावी लागते. पावसाळ्यात साल उन्हात नीट वाळत नाही आणि दोन दिवसांत बुरशी धरते. ती ओव्हनमध्ये 45 ते 50 अंशांवर, लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत वाळवावी. ओव्हन दुसऱ्या विभागाचा असेल तर त्याची वेळही आधीच मागून ठेवावी.

एका तुकडीने ठेवायचे आणि दुसरीने वापरायचे असे ठरले की सगळी भिस्त पिशवीवरच्या चिठ्ठीवर येते. मार्करने प्लास्टिकवर लिहिलेले अक्षर ओलाव्याने किंवा अॅसिटोनच्या एका थेंबाने पुसले जाते. चिठ्ठी पेन्सिलने लिहून पिशवीच्या आत टाकावी, बाहेर दुसरी प्रत बांधावी. संकेत लहान असला तरी सगळे सांगणारा हवा. उदाहरणार्थ ‘सां-भ-मृ-03-त’ : सांगोला तालुका, भगवा वाण, मृग बहार, तिसरी बाग, आणि शेवटचे ‘त’ म्हणजे तांब्याची फवारणी झालेली. फवारणी नसेल तर ‘को’ म्हणजे कोरी, माहितीच नसेल तर ‘न’.

हे शेवटचे अक्षर या प्रकरणाचा कणा आहे. डाळिंबावरचा तेल्या हा झँथोमोनास जातीच्या जिवाणूचा रोग, आणि त्याच्या बंदोबस्तासाठी शेतकरी बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारतात. एक टक्क्याचे बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. हाच मोरचूद रंगाऱ्याच्या कपाटातही असतो, कारण तो रंगबंधक, म्हणजे रंग सुताला धरून ठेवणारा पदार्थ, आहे. मोरचुदासारखा तांब्याचा क्षार सालीतल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, बांधला की पिवळा रंग हिरवट, शेवाळी तपकिरीकडे झुकतो. आता फवारलेल्या बागेची साल न धुता आणली आणि तुरटीच्या बाथमध्ये रंगवली, तर छटेत फरक दिसेल. रसायनशास्त्राचा विद्यार्थी तो फरक वाणाच्या किंवा बहाराच्या खात्यावर टाकेल. फवारणीचे वेळापत्रक वनस्पतिशास्त्राकडे असते, मोरचुदाचा गुण रसायनशास्त्राकडे. दोघे एका टेबलावर बसत नाहीत तोवर हा घोटाळा कुणाच्याच लक्षात येत नाही. बहुशाखीय संशोधनाचा खरा लाभ काय, असे कुणी विचारले तर प्रस्तावातल्या मोठमोठ्या वाक्यांपेक्षा हे एक उदाहरण पुढे करावे.

तपासणी फार अवघड नाही. एकाच पोत्यातली साल दोन भागांत वाटायची. एक भाग साध्या पाण्याने तीनदा खळखळून धुवायचा, दुसरा तसाच ठेवायचा. दोन्हींनी कोणताही रंगबंधक न घालता तुकडे रंगवायचे. न धुतलेल्या सालीचा तुकडा हिरवट निघाला तर तांब्याचा संशय घ्यायचा आणि अणुशोषण वर्णपटमापीवर दोन्ही अर्कांतले तांबे मोजून घ्यायचे. तेल्याची डागाळलेली, तडकलेली साल वेगळ्या पोत्यात भरावी. तेच पोते, तीच कात्री घेऊन दुसऱ्या बागेत पाऊल टाकू नये. रंगाच्या नादात रोग पसरवला, तर पुढच्या वर्षी बागेच्या फाटकातूनच परत यावे लागेल.

रंगवण्याची कृती थोडक्यात अशी. सूत आधी उकळून घ्यायचे : लिटरला 2 ते 3 ग्रॅम धुण्याचा सोडा, 1 ग्रॅम साबण, एक तास उकळी. तयार टॉवेल घेतला असेल तर ताण्याच्या सुतावरची खळ आधी काढावी लागते. खळ राहिली की रंग डागाडागांनी बसतो. सूत ब्लीच केलेले असेल तर पेरॉक्साइडचा अंश उरलेला नाही याची खात्री करावी, नाहीतर रंग बाथमध्येच फिका पडतो. मग सुताच्या वजनाच्या 10 टक्के तुरटी, सुताच्या 20 ते 30 पट पाणी, एक तास. सालीची भुकटी लिटरला 50 ग्रॅम या प्रमाणात 80 ते 90 अंशांवर तासभर उकळून मलमलीतून गाळायची आणि त्या अर्कात सूत 60 ते 80 अंशांवर तासभर हलवत ठेवायचे.

यात बिघडते ते पाणी आणि भांडे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तुरटी टाकली की पाणी दुधाळ होते, कारण तुरटीतले अॅल्युमिनियम साका होऊन खाली बसते. ते सुतापर्यंत पोचतच नाही. पाण्याचा कठीणपणा आणि अल्कता दर बाथला मोजून नोंदवावी. तुलनेचे सगळे बाथ एकाच पाण्यात, शक्यतो ऊर्ध्वपातित पाण्यात करावेत, आणि शेवटच्या टप्प्यात तेच मुद्दाम बोअरच्या पाण्यात करून पाहावेत. कारखान्यात ऊर्ध्वपातित पाणी कोण घेणार! भांडे स्टेनलेस स्टीलचेच हवे. लोखंडी पिंपात टॅनिन आणि लोह यांची शाईच तयार होते आणि खाकीच्या जागी करडा रंग येतो. हिराकस हा लोहाचा क्षार घालून मुद्दाम आणलेला करडा वेगळा, गंजलेल्या पिंपातून आलेला वेगळा. दुसरा पुन्हा तसाच आणता येत नाही. अर्क त्याच दिवशी वापरावा. एप्रिलच्या सोलापुरात रात्रभर ठेवलेला अर्क सकाळी आंबूस आणि गडद झालेला असतो.

रंग मोजताना आणखी एक सापळा असतो. परावर्तन, म्हणजे कापडावरून परत येणाऱ्या प्रकाशाचा वाटा, मोजून त्यावरून रंगाची गडदता काढायचे कुबेल्का-मुंक सूत्र आहे : 1 मधून परावर्तन वजा करून त्याचा वर्ग करायचा आणि त्याला परावर्तनाच्या दुपटीने भागायचे. परावर्तन 0.20 असेल तर उत्तर 1.60 येते, 0.10 असेल तर 4.05. परावर्तन निम्मे झाले आणि गडदता अडीच पट झाली. आता एका विद्यार्थ्याने या दोन वाचनांची आधी सरासरी काढली, 0.15, आणि मग सूत्र लावले तर येतात 2.41. दुसऱ्याने आधी सूत्र लावून मग सरासरी काढली तर येतात 2.83. वाचने तीच, उत्तरे दोन आणि दोन्ही विद्यार्थी आपापल्या जागी खरे. कोणती पद्धत घ्यायची हे संख्याशास्त्राच्या सरांनी आधी लिहून द्यावे आणि सगळ्यांनी तीच पाळावी. टॉवेलच्या लूपवर वाचन घ्यायचे असेल तर लूप एका दिशेने बसवून, कापड चार पदरी करून घ्यावे. उभ्या लूपच्या पोकळीत प्रकाश हरवतो आणि रंग आहे त्याहून गडद भासतो.

पक्केपणाची कसोटी दोन अंगांनी होते. धुण्याचा पक्केपणा राखाडी पट्टीवर 1 ते 5 मोजतात, उन्हाचा निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी ताडून 1 ते 8. टॉवेल रोज अल्कधर्मी साबणात धुतला जातो आणि गच्चीवरच्या रणरणत्या उन्हात वाळतो. त्यामुळे फक्त एका धुण्याचा अहवाल जोडून ‘रंग पक्का’ असे लिहिणे ही शुद्ध पळवाट आहे. पाण्याचा थेंब किती सेकंदांत मुरतो, हेही रंगवण्यापूर्वी आणि नंतर मोजावे. पाणी न टिपणारा टॉवेल कितीही नैसर्गिक असला तरी घेणार कोण?

तुकड्यावर जमलेले लडीवर जमेलच असे नाही. वाणिज्यच्या विद्यार्थिनीने हिशेब मांडला की प्रयोगशाळेचे विमान जमिनीवर येते. 10 किलो सूत, त्याच्या वजनाइतकी म्हणजे 10 किलो वाळलेली साल. ताज्या सालीत साधारण 70 टक्के पाणी धरले तर त्यासाठी सुमारे 33 किलो ताजी साल लागते. सुताच्या वीस पट पाणी म्हणजे एका बाथला 200 लिटर. उकळणे, तुरटी, रंग आणि दोनदा खळबळणे मिळून 1,000 लिटर, म्हणजे किलोमागे 100 लिटर. अर्क काढायला 200 लिटर पाणी 30 वरून 90 अंशांवर नेण्यासाठीच 14 युनिट वीज लागेल एवढी उष्णता हवी, वाया जाणारी वेगळी. ‘साल तर फुकटच मिळते’ हे वाक्य प्रस्तावातून इथे गळून पडते. फुकट असते ती फक्त साल. गोळा करणे, वाळवणे, दळणे, पाणी तापवणे हे सगळे मोजून द्यावे लागते. लडी बांधलेल्या दोऱ्याखाली पांढरा पट्टा राहतो, तो मागावर जाईपर्यंत दिसत नाही, आणि दिसला की मग कारखानदार दुसऱ्यांदा दारात उभे करत नाही.

बाथमधून उरलेल्या पाण्याचे काय, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण रंग ‘नैसर्गिक’ आहे ना! टॅनिन हा सेंद्रिय पदार्थच आहे, आणि पाण्यातला सेंद्रिय भार बीओडी, सीओडी या मापांनी मोजतात. नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्याला बीओडी 30 आणि सीओडी 250 मिलिग्रॅम प्रति लिटर, सामू 5.5 ते 9 अशा सर्वसाधारण मर्यादा आहेत. त्यांतून डाळिंबाला सूट नाही. रिअॅक्टिव्ह या कृत्रिम रंगांसारखे किलोवारी मीठ यात पडत नाही, ही मात्र खरी जमेची बाजू. ती आकड्यांनी मांडावी.

कारखानदारांच्या पाहणीत भाषेचा घोळ होतो. सोलापूरच्या मागांवर पद्मशाली समाज मोठा, घरात आणि कारखान्यात तेलुगू. विद्यापीठात मराठीत किंवा इंग्रजीत बनलेली प्रश्नावली तेलुगूत नेऊन, दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत आणून ताडून पाहावी. ‘खाकी’ म्हटले की एकाच्या डोळ्यांपुढे पोलिसाचा गणवेश येतो, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे मातकट पिवळा. म्हणून रंगाचे नाव न विचारता रंगवलेली लडी हातात द्यावी. ‘नैसर्गिक रंगाचा टॉवेल बनवायला आवडेल का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. पाहुण्याला नाही म्हणायची आपली रीत नाही. त्यापेक्षा तीन लडी, तीन दर आणि एकच प्रश्न : यातली कोणती, किती किलो, किती दिवसांच्या उधारीवर घ्याल? जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पाहणीला जाऊ नये. मालक भेटला तर मुकादम नसतो, मुकादम भेटला तर माग बंद.

लेखकांच्या क्रमावरून होणारे मनोमालिन्य स्वभावाचे असते तितकेच नियमाचेही असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधनाची मोजणी करताना समकक्ष-परीक्षित (तज्ज्ञांनी तपासलेल्या) निबंधाला विज्ञान शाखेत 8 आणि वाणिज्य-मानव्यविद्येत 10 गुण आहेत. दोनापेक्षा अधिक लेखक असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला 70 टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी 30 टक्के. म्हणजे त्याच निबंधासाठी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला पहिल्या जागेवर 5.6 गुण, मागे राहिल्यास 2.4, वाणिज्यच्या प्राध्यापकाला पहिल्या जागेवर 7 आणि मागे 3. एवढा फरक दिसत असताना ‘क्रम नंतर ठरवू’ म्हणणे म्हणजे भांडण नंतरसाठी राखून ठेवणे. एक मोठा निबंध ओढत नेण्याऐवजी रंगाच्या रसायनाचा एक आणि खर्च-बाजाराचा एक, असे दोन निबंध पहिल्याच महिन्यात ठरवले तर दोघांनाही आपापली पहिली जागा मिळते. विद्यार्थ्याने स्वतः बाथ चालवले, वाचने घेतली आणि पहिला मसुदा लिहिला असेल तर नाव त्याचे पुढे.

विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आणखी एक गंमत होते. चौघांची कृती एकच, म्हणून ‘साहित्य व पद्धती’ हे प्रकरणही शब्दशः एकच. पहिला प्रबंध सादर करणारा सुटतो, बाकीचे नक्कल शोधणाऱ्या साम्य-तपासणीत अडकतात. आयोगाच्या नियमात 10 टक्क्यांपर्यंतचे साम्यच निर्धोक आहे. सामायिक कृती एकाने सविस्तर लिहावी, इतरांनी तिचा हवाला देऊन फक्त आपला बदल लिहावा.

‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेची तारीख आली की प्रवेशिका कुठल्या गटात भरायची यावरून ओढाताण होते : शुद्ध विज्ञान, अभियांत्रिकी, की वाणिज्य-व्यवस्थापन-विधी? ज्या विभागाच्या कामाचे आकडे पूर्ण झालेत त्या गटात भरावी. अर्धवट पक्केपणाची चाचणी घेऊन विज्ञानाच्या परीक्षकापुढे उभे राहू नये. त्याआधी पेटंटचा विचार उरकावा. भारतात पोस्टर आधी आणि अर्ज नंतर असे केले तर नावीन्य जाऊ शकते. पेटंट कायद्यातल्या कलम 31 ची सूट केंद्राने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधांना, तीही 12 महिन्यांपुरती. पोस्टर त्यात बसेलच असे धरू नये. सालीने सूत रंगवणे हे तर पारंपरिक ज्ञान, त्याला कलम 3 (पी) आडवे येते. कठीण पाण्यात तुरटी न फुटू देणारी एखादी नवी पायरी खरोखर सापडली असेल तरच तात्पुरता अर्ज करावा. पूर्ण अर्जाला त्यानंतर 12 महिने मिळतात.

मे महिन्यात जाणारी तुकडी पुढच्या तुकडीला चार गोष्टी देते : सहा शब्दांची वही, कच्च्या वाचनांची फाइल, रंगवलेले तुकडे काळ्या कागदात, आणि सालीच्या बरण्यांचे कपाट. कपाट उघडल्यावर दोन-चार बरण्यांवर तरी शेवटचे अक्षर ‘न’ निघतेच. शेतकऱ्याला विचारायचे राहिले, किंवा त्यालाच आठवले नाही. त्या बरण्या फेकायच्या नाहीत आणि बहारांच्या तुलनेतही घ्यायच्या नाहीत. नव्या विद्यार्थ्याला तुरटीचे पाणी दुधाळ कसे होते, लोखंडी पिंप काय करते आणि लडी किती सैल बांधायची हे शिकवायला त्या कामाला येतात.